न सांगता गेले ते दोन दिवस

८ जानेवारी, सोमवार

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द फुटत नाही आणि हाताला अक्षर वळत नाही, त्या दयाघनाला प्रथम वंदन. या वयात नवी वही उघडण्याचे बळ त्याने दिले आहे. तीत खोटे काही उतरू नये, हे मागणेही त्याच्याच पायाशी.

आता विषय. मी महानगरात एकोणसत्तर वर्षे काढली. त्यांतली अडतीस धर्मग्रंथ छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली आणि आमची जुनी इमारत पाडायला काढली. मुलगा म्हणाला, "आई, सरळ माझ्याकडे ये." माझे म्हणणे असे, की उरलेले दिवस कोलाहलापासून दूर, वाचनात आणि चिंतनात जावेत. अखेर तह झाला. मार्चअखेरपर्यंत मी या लहान शहरात एकटीने राहून पाहायचे. एप्रिलमध्ये तो मोठे घर घेणार आहे. त्यात माझी खोली धरायची की नाही, हे एकतीस मार्चच्या आत सांगायचे. एकदा सांगितले की फिरवाफिरव नाही.

माझी खोली औषधांच्या दुकानावर आहे. बाहेरून चौदा पायऱ्यांचा जिना. एक खिडकी रस्त्यावर उघडते. समोर बँक, तिच्या शेजारी चष्म्याचे दुकान. खालचे औषधांचे दुकान चालवणारी बाई हीच माझी घरमालकीण. चाळिशीतली असेल. किल्ली देताना मिनिटभर हातातच धरून राहिली आणि म्हणाली, "मावशी, वरून काही लागलं तर नुसता पाय आपटा. मला खाली ऐकू येतं."

मला एकांत हवा आहे. पाय आपटण्याचा प्रसंग कशाला येईल?

११ जानेवारी, गुरुवार

चौथ्याच दिवशी मला नाव पडले. चष्मेवाला कोणाला तरी सांगत होता, "पोथीमावशी ना? त्या वर असतात." मी तेव्हा त्याच्याच दुकानात पाठमोरी उभी होते.

आणि दूधवाला! मी कधी ब्र काढला नव्हता, तरी विचारतो, "मावशी, मुलगा पूल बांधतो ना तुमचा? मग आपल्या नदीवरच्या पुलाचं बघायला सांगा की. गेली सहा वर्षं नुसते खांब उभे आहेत."

"माझा मुलगा पूल बांधतो, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"सांगायला कशाला हवं? कळतं."

महानगरात एका जिन्यावर तीस वर्षे राहून शेजारच्याचे आडनाव मला पाटी वाचून ठाऊक होते. ते बरे की हे बरे, याचा निर्णय आज होत नाही. पण शांतता मात्र खरी आहे. पहाटे जपाला बसले की आपला श्वास आपल्याला ऐकू येतो.

१६ जानेवारी, मंगळवार

आज परमेश्वराने सेवेची एक संधी समोर आणून ठेवली. घरमालकीण वर आली. बराच वेळ खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "मावशी, एक काम कराल? कोपऱ्यावर घड्याळकाका राहतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता नजर गेली. एकटेच असतात हो. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता तासभर काही वाचून दाखवाल? त्यांना सोबत होईल."

"त्यांना ग्रंथांची आवड आहे का?"

"आवड लागेल ना," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

मी होकार दिला आहे. ज्ञान आपल्यापाशी साठवून ठेवले तर ते शिळे होते. एका एकाकी जिवाला विसावा मिळाला, तर या शहरात येणे सार्थकी लागेल.

१९ जानेवारी, शुक्रवार

माझ्या जिन्यापासून घड्याळकाकांच्या दारापर्यंत दोनशे दहा पावले. वय पंच्याहत्तर, आडवा बांधा, दोन्ही गुडघे धरलेले. भिंतीवर अकरा घड्याळे. प्रत्येकात वेळ निराळी.

"चार वाजून तीन मिनिटं," दार उघडताच ते म्हणाले.

"कोणत्या घड्याळाप्रमाणे?"

"माझ्या." त्यांनी छातीवर बोट ठेवले. "बसा. जेवलात?"

चार वाजता कोणी जेवणाचे विचारते का? मी ग्रंथ उघडला. राज्य सोडून वनात गेलेल्या राजाची कथा घेतली होती. पाच पाने झाली आणि त्यांनी हात वर केला.

"एक सांगा. हा राजा निघाला, ते कोणाला सांगून निघाला का?"

"विरक्त माणूस निरोप घेत बसत नाही. पाश तोडायचे म्हणजे तोडायचे."

"मग मागच्यांनी काय समजायचं? मेला की गेला?"

मी म्हटले, याचे विवेचन पुढील अध्यायात येते. खरे म्हणजे येत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

आज घसा बसला होता, तरी वाचन चुकवले नाही. त्यांना माझ्या येण्याची केवढी ओढ असेल, या विचाराने खोकत खोकत गेले. निघताना बाहेर चपला घालीत होते, तर आत ते फोनवर बोलत होते. "हो, येऊन गेल्या. बऱ्या आहेत. खोकला आहे, पण चालताना धाप नाही." त्यांची कोणी आजारी नातलग असावी. बिचाऱ्यांना स्वतःला दिसत नाही आणि दुसऱ्याची काळजी वाहतात.

गंमत अशी, की मी घराशी पोहोचले तेव्हा घरमालकीण खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन जिन्याशीच उभी. "असू द्या घरात, मावशी. हवा वाईट आहे." मी मागितले नव्हते, कोणाशी बोललेही नव्हते. भक्ताची चिंता तो कोणत्या हातांनी वाहतो, ते खरोखर कळत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

दोष लिहायचे राहिले आहेत, ते आज लिहिते. येथे ग्रंथालय नाही. पुस्तकांच्या एकमेव दुकानात परीक्षेची मार्गदर्शके आणि रंगीत पेन्सिली. मणक्याचा, हृदयाचा, हाडांचा डॉक्टर बाहेरगावाहून ठरल्या वारी येतो. दुखणे त्या वाराची वाट पाहत थांबले पाहिजे. आठाला रस्ता निजतो. ज्याच्याशी एका पाठभेदावर वाद घालावा, असे एकही माणूस अद्याप भेटलेले नाही.

आणि रविवार. दुकान बंद, बँक बंद. काल दुपारपासून या क्षणापर्यंत स्तोत्रांखेरीज माझ्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. मी एकांत मागितला होता आणि त्याने तो हात आखडता न घेता दिला. मागताना माप सांगायला हवे होते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मन दुखावले. वाचन रंगात आले होते. राजाची राणी त्याला शोधत अरण्यात येते, तो अतिशय करुण भाग. वर पाहिले, तर श्रोते घोरत होते. मी ग्रंथ मिटला. त्या आवाजाने ते जागे झाले.

"थांबलात का?"

"आपल्या निद्रेत व्यत्यय नको म्हणून."

"अहो, वाचा. मला झोप लागते तुमच्या वाचण्यानं. चांगली लागते."

एकोणचाळीस दिवस मी हे केले ते काय अंगाईगीत म्हणून? मी निघाले. ते दारापर्यंत धरत धरत आले. "शुक्रवारी याल ना? रागावलात तरी या."

येथे माझी कोणालाच गरज नाही, हे आज स्पष्ट झाले. परवा सकाळच्या बसने मुलाकडे जाते. त्याने नवे घर पाहायला बोलावलेच आहे. खोली एकदा डोळ्यांखालून घालावी आणि तेथूनच होकार देऊन टाकावा.

१ मार्च, शुक्रवार (मुलाच्या घरी)

फोन उशीजवळच राहिला, हे काल बस सुटल्यावर ध्यानात आले. राहो. मुलाने स्थानकावर यायची वेळ आधीच ठरवली होती.

काल संध्याकाळी दोघांनी नवे घर दाखवले. नवव्या मजल्यावर आहे. खोली प्रशस्त, उजेडाची. सूनबाई म्हणाली, "आई, इथे तुमचं कपाट, इथे देवघर." गोड मुलगी आहे. आज आठ वाजता दोघे कामाला गेली ती रात्री आठाला आली. मधले बारा तास मी त्यांच्या सध्याच्या घराच्या भिंती पाहिल्या. उद्वाहनात एक बाई भेटली. मी हसले. तिने माझ्या डोक्यावरचा मजल्यांचा आकडा वाचला.

चार वाजले तेव्हा घड्याळाकडे नजर गेली. वाटले, निजले असतील.

२ मार्च, शनिवार

जे घडले ते क्रमाने लिहिते.

दुपारी परतले. जिना चढून पाहते, तर दार फोडलेले. चौकटीची फळी निघालेली, तिच्यावर नवी कोरी कडी आणि अनोळखी कुलूप. मी आरडाओरडा केला. घरमालकीण दुकानातून धावत आली. मला पाहिले आणि पायरीवर मटकन बसली.

"कुठे होता तुम्ही?"

"मुलाकडे. माझे दार कोणी फोडले?"

"आम्ही! काल काका चार वाजल्यापासून वाट बघत होते. साडेचारला काठी टेकत इथवर आले. दार वाजवलं, हाक मारली. मी फोन लावला, तर फोन आत वाजतोय! एकदा नाही, वीसदा. आत फोन वाजतोय आणि तुम्ही उचलत नाही, काय समजायचं आम्ही? मुलाचा नंबर कोणाकडेच नाही. मग कुलूपवाल्याला बोलावलं."

"मी प्रौढ स्त्री आहे. दोन दिवस कोठे जावे, हे कोणाला विचारून ठरवायचे?"

"विचारू नका हो! पण सांगायला काय झालं होतं? मला नाही तर दूधवाल्याला सांगायचं, चष्मेवाल्याला सांगायचं. जाता जाता कोणालाही नुसतं 'येते' म्हणायचं!" तिचा आवाज चिरकला. "काका पडले, मावशी. तुम्ही आत नाही हे कळलं आणि 'चला, सुटलो' म्हणाले, हसले, आणि उतरताना वरच्या चौथ्या पायरीवरून खाली गेले. खुब्याचं हाड मोडलंय. हाडांचा डॉक्टर इथे गुरुवारी येतो. आज शनिवार आहे."

खोलीत गेले. माझे अंथरूण कोणीतरी घडी करून ठेवले होते. उशीजवळ फोन होता, त्यावर चौतीस हाका.

३ मार्च, रविवार

सकाळी रुग्णालयात गेले. बँकेच्या मागे, दोन खोल्यांचे. त्यांच्या पायाला वजन बांधले होते. माझा मुलगा राहतो त्याच महानगरात त्यांची पुतणी असते. ती रुग्णवाहिका घेऊन निघाली होती. शस्त्रक्रिया तिकडेच होणार, आणि पुढे ते तिच्याकडेच राहणार.

"दहा वाजून वीस मिनिटं," माझी चाहूल ओळखून ते म्हणाले. "आज काय वाचणार?"

"मला क्षमा करा."

"जेवलात का?"

माझा बांध फुटला. म्हटले, "हे का विचारता सदैव? मी आपल्याला सोबत देण्यासाठी येत होते. माझी काळजी आपण कशाला वाहायची?"

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. मग हसू लागले, आणि दुखले म्हणून थांबले. "तुम्हाला असं सांगितलं होतं होय? मला सांगितलं, 'काका, वर एक बाई आल्यात, एकट्या आहेत, कोणाशी बोलत नाहीत. मी वाचायला पाठवते. ऐका नाही तर झोपा, पण आल्या-गेल्याचा मला फोन करा.'"

अडतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरले. ही चूक माझ्या डोळ्यांसमोर सात आठवडे पसरलेली होती.

"म्हणजे आपण माझे वाचन..."

"वाचन मला काही कळलं नाही. त्या राजाचा तर रागच आला." त्यांनी डोळे मिटले. "पण घरात बाईमाणसाचा आवाज असला की झोप येते. मला आठ-नऊ वर्षं नीट आलेली नव्हती."

रुग्णवाहिका आली. उचलताना त्यांनी विचारले, "भिंतीवरच्या घड्याळांना चावी कोण देणार?" पुतणी म्हणाली, "काका, ती सगळी बंदच आहेत." ते म्हणाले, "हो का?"

५ मार्च, मंगळवार

चार वाजले. कोठेही गेले नाही.

९ मार्च, शनिवार

शस्त्रक्रिया पार पडल्याचे कळले. परमेश्वराची कृपा.

आज घरमालकिणीला सरळ विचारले, "मी तुमच्या दयेचा विषय होते का?" ती गोळ्यांची पाकिटे लावत होती. हात थांबले.

"दया कसली, मावशी. तुमच्या आधी वर एक निवृत्त मास्तर होते. शांत माणूस. ते गेले, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी इथेच उभी होते, तुम्हाला दिसते ना तशी. गिऱ्हाईकांशी हसत होते, बोलत होते. डोक्यावरच्या खोलीत ते पडलेले होते." तिने एक पाकीट उगाच उलटे केले. "लोक म्हणतात लहान गावात सगळं कळतं. काही कळत नाही. मुलगा काय करतो ते कळतं. माणूस आहे की नाही, ते मुद्दाम बघावं लागतं. म्हणून मी तुम्हा दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधलं. फसवलं म्हणा हवं तर."

सेवा मी करते, हा माझा सात आठवड्यांचा अभिमान. शास्त्र वाचून जो उतरला नाही, तो गोळ्यांच्या पाकिटांपाशी उतरला.

२० मार्च, बुधवार

मुलाचा फोन. "आई, खोलीला रंग कोणता देऊ? अकराच दिवस उरलेत."

मी विचारले, "घड्याळकाकांच्या पुतणीचे घर तुझ्या घरापासून किती लांब?" पत्ता सांगितला.

"बाप रे! दुसऱ्या टोकाला. दोन गाड्या बदलून पावणेदोन तास. तुला एकटीला नाही जमायचं."

येथे दोनशे दहा पावले होती. एकाच शहरात राहूनही आम्ही एकमेकांना दिसणार नाही.

मग राहायचे कशासाठी? ज्यांच्याकडे जात होते ते नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप आहे. त्यांच्या हाडाला या शहरात डॉक्टर मिळाला नाही; उद्या माझ्याही हाडाला मिळणार नाही. तेथे मुलगा आहे, सून आहे, उजेडाची खोली आहे. वही पुढे घेऊन दोन्ही बाजू लिहिल्या. तिकडची बाजू पानभर झाली. इकडे एकच ओळ: येथे माझे दार फोडले.

३० मार्च, शनिवार

मुलाला कळवले. खोली धरू नकोस.

त्याने विचारले, "आई, तिथे तुझं आहे कोण?"

"कोणी नाही. पण मी नसले तर येथे कळते."

"आमच्याकडे नसतं कळलं?"

"कळले असते बाळा, रात्री आठाला."

हे मी बोलायला नको होते. तो रडत होता की सर्दी होती, ते समजले नाही. त्याने कष्टाने घेतलेल्या घरावर मी ओरखडा काढला. मन हलके झाले नाही. एकाकीपण जेवढे होते तेवढेच आहे. फक्त ते आता लपवावे लागत नाही. तिकडे ते लपवून ठेवावे लागले असते, कारण तिकडे प्रेमाची माणसे आहेत.

४ एप्रिल, गुरुवार

काकांना भेटायला निघाले. ते सांगण्यातच पहिली बस चुकली.

दूधवाल्याला म्हटले, "मी दोन दिवस नाही." तो म्हणाला, "काकांना म्हणावं पूल अजून तसाच आहे, घाई करू नका." चष्मेवाल्याने हातातला चष्मा खाली ठेवून विचारले, "परत कधी? नक्की शनिवारी? सकाळी की दुपारी?" बँकेच्या दारवानाने नमस्कार पाठवला. कुलूपवाला तर दुकानातून ओरडलाच, "मावशी, या वेळी दार उघडंच टाकून जा, माझी मेहनत वाचेल!" सगळे हसले. मीही हसले. घरमालकिणीने मुलाचा आणि पुतणीचा नंबर दुकानाच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला. मी सांगताना तिने दोनदा वाचून दाखवला. मुद्रित निर्दोष होते.

६ एप्रिल, शनिवार

काल मुलाने स्वतः पुतणीच्या घरी पोहोचवले. अकरावा मजला, खिडकीशी पलंग. काका अर्धे राहिले आहेत. मी निरोप एकेक करून दिले. दूधवाल्याच्या निरोपाला हसले, मग म्हणाले, "हा कोण?" मी पुन्हा सांगितले. पुतणी कामावर होती. एक पगारी बाई कोपऱ्यात बसून फोन पाहत होती. मी तासभर वाचले. ते निजले. मी ग्रंथ मिटला तरी जागे झाले नाहीत, म्हणून तशीच बसून राहिले. मी उठले तेव्हा मात्र म्हणाले, "लांब जायचंय. पोचलात की सांगा."

आज दुपारी बसमधून उतरताच पुतणीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. दोनदा लावला. कोणी उचलला नाही.

रस्त्यावर ऊन होते. दुकानाच्या पायरीशी आले, तेव्हा घरमालकीण कोणाला तरी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होती. मी थांबले. तिचे गिऱ्हाईक गेल्यावर म्हटले, "पोचले."

"दिसलं, मावशी," ती म्हणाली. "जेवलात का?"

मी नाही म्हणाले आणि जिना चढले. संध्याकाळी पुन्हा फोन लावीन.

छापखान्यात आयुष्य गेल्याने लिहिलेले कधी तरी कोणी वाचणारच, ही सवय हाडात भिनली आहे. म्हणून तुला, जो कोणी हे वाचशील त्या तुला: तू मोठ्या शहरात अस वा लहान, माणसांत अस वा एकटा. तू घरी पोहोचलास, हे जिला सांगता येईल अशी निदान एक व्यक्ती तुला लाभो. आणि जिचे पोहोचणे तुला कळायला हवे, अशीही एक. परमेश्वर सर्वांना सुखरूप ठेवो.